मदत हवी आहे: सोसायटीत काविळीचे रुग्ण वाढताहेत, कळवायचं कुणाला आणि कसं?

खजिनदारीण

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

पुणे महापालिकेत २०२१ साली जी २३ गावं आली, त्यातल्या एका गावात आमची सोसायटी आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेलच. मी कमिटीत खजिनदार. हिशेब कळतो, आरोग्यातलं काही कळत नाही.

नवरात्राच्या सुरुवातीला बी विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाला कावीळ झाली. बाहेर पाणीपुरी खाल्ली असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग त्याच विंगमधल्या काकू, मग सी विंगमधली दोन भावंडं, मग वॉचमनचा मेहुणा. परवा पार्किंगचे स्टिकर वाटायला दारोदार फिरले, तर जिथे बेल वाजवावी तिथे "आमच्याकडेही आहे" हेच. आता माझ्या वहीत अकरा नावं आहेत आणि ही फक्त मला कळलेली.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की हे अकरा जण एका डॉक्टरकडे गेलेच नाहीत. कुणी सिंहगड रस्त्यावर ॲडमिट, कुणी कोथरूडला, एक जण गावी आईकडे गेलाय, दोघं कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आले. त्यामुळे प्रत्येक डॉक्टरला एखाददुसराच पेशंट दिसला. एकत्र अकरा कुणीच पाहिले नाहीत, माझ्या वहीशिवाय.

सरकारी कार्यालयात फोन केला तर "डॉक्टरांनी कळवायचं असतं, मॅडम, तुम्ही नाही" असं उत्तर. एका हॉस्पिटलात विचारलं, तिथे म्हणाले आम्ही फॉर्म भरतो. भरला का, ते सांगेनात. आमचे चेअरमन म्हणतात व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकायचं नाही, दोन फ्लॅटचे व्यवहार टोकनपर्यंत आलेत. टँकरवाला म्हणतो माझं पाणी एक नंबर.

पाणी तीन प्रकारचं. पालिकेचं दिवसाआड तासभर, बाकी टँकर आणि बोअर. पिण्याला बहुतेकांकडे आरओ आहे, मग ही कावीळ येते कुठून? माझा संशय गणपतीतल्या महाप्रसादावर आहे, पण त्याला तर महिना होऊन गेला.

२०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो गिया-बारे सिंड्रोम) पेशंट निघाले तेव्हा केंद्राचं पथक आलं होतं. आमच्या काविळीकडे कुणी बघायला यावं म्हणून मी नेमकं काय करायचं? साध्या भाषेत सांगा प्लीज.

कट्टेकरी

फुकटचा सल्ला: कुठेही कळवू नका. कोविडात आमच्या बिल्डिंगच्या गेटला पत्रे ठोकले होते. पाणी उकळून प्या आणि गप्प बसा. नसत्या भानगडीत पडलं की निस्तरायला आपणच.

जुना हेल्थवाला

कट्टेकरी, काविळीला पत्रे ठोकत नाहीत हो. हा आजार शेजारून चालत गेल्याने होत नाही, तोंडावाटे पोटात गेल्याने होतो. सील करायचीच झाली तर टाकी करतील, माणसं नाही.

ताई, माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुम्हाला मिळालेल्या उत्तराबद्दल. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. आम्ही त्याला आयडीएसपीच म्हणतो. त्यात तीन फॉर्म: एस, पी आणि एल. एस म्हणजे लक्षणांवरून, तो खालचा कर्मचारी भरतो. पी डॉक्टरांचा, एल लॅबचा. पूर्वी दर आठवड्याला कागद जमा व्हायचे, २०२१ पासून हे आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर गेलं. आता गंमत बघा, एस फॉर्ममध्ये "चार आठवड्यांच्या आतली कावीळ" असा रकानाच आहे आणि तो भरायला लॅबचा रिपोर्ट लागत नाही. घरोघर फिरणाऱ्या सिस्टर किंवा आशाताईंनी डोळे पिवळे बघितले तरी नोंद होते. त्यामुळे "डॉक्टरांनीच कळवायचं" हे अर्धं खरं. इतकंच कशाला, दिल्लीत एनसीडीसीमध्ये (केंद्राचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) २००८ पासून एक कक्ष नुसत्या बातम्या चाळतो आणि त्यातून साथीचा वास आला की जिल्ह्याला पडताळणी करायला लावतो. पेपरातली चार ओळींची बातमी चालते, मग तुमची वही का नाही चालणार?

खरी अडचण तुम्ही स्वतःच लिहिली आहे. जीबीएस हा एरवी तुरळक दिसणारा आजार. पाय लुळे पडलेले पेशंट एकाच भागातून यायला लागले तेव्हा हॉस्पिटलांच्या ते लगेच डोळ्यांत आलं. कावीळ मात्र रोजची. पावसाळ्यात पिवळ्या डोळ्यांचा एक पेशंट आला म्हणून कुठला डॉक्टर दचकणार? आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलेले तर कुठल्याच फॉर्मवर येत नाहीत. त्या बुवाला जाऊन विचारा, हल्ली तुमच्या भागातून किती येतात. चेष्टा नाही करत, आम्ही विचारायचो. त्याचा आकडा दवाखान्यापेक्षा पक्का निघायचा.

आता काम. वहीत नुसती नावं नकोत. आमच्याकडे त्याला लाइन लिस्ट म्हणतात: नाव, वय, स्त्री की पुरुष, विंग आणि फ्लॅट, लघवी किंवा डोळे पिवळे कधी दिसले ती तारीख, कुठे दाखवलं, तपासणीत काय आलं, घरात पाणी कुठलं. यातला तारखेचा रकाना सोन्याचा. ॲडमिट झाल्याची तारीख नको, लक्षण पहिल्यांदा दिसलं ती हवी. आजारी नसलेल्या घरांचीही पाण्याची माहिती लिहा. लोक हे हमखास विसरतात, आणि मग तुलना कशाशी करणार?

ही यादी एका पानाच्या पत्रासोबत तुमच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे द्या. फोन नको, भेट नको, पत्र. आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घ्या. विषयात "तक्रार" लिहू नका, "काविळीचा संशयित उद्रेक" लिहा. तक्रार म्हटलं की कागद पाणीपुरवठ्याकडे, तिथून ड्रेनेजकडे, तिथून परत तुमच्याकडे. उद्रेक म्हटलं की शोध घेणं भाग पडतं. आणि यादीतली नावं ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर फक्त "पाणी उकळून घ्या आणि कुणाला कावीळ असेल तर मला कळवा" एवढंच.

डॉक्टर कोपऱ्यावरचे

बाकी सगळं नंतर. आधी सांगा, बी आणि सी विंगमध्ये किंवा वॉचमनच्या खोल्यांत कुणी गरोदर आहे का? पाण्यातून येणारी कावीळ दोन प्रकारची, हिपॅटायटिस ए आणि ई. ई असेल आणि बाई शेवटच्या तिमाहीत असेल तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. तिला आज उकळलेलं पाणी द्या, उद्या नाही. आणि अंगात कसकस असली तरी वाट न बघता डॉक्टरांना दाखवायला सांगा.

ॲडमिट पेशंटच्या नातेवाइकांना फाइल बघायला सांगा. नुसतं बिलिरुबिन आणि एसजीपीटी (यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासण्या) केलं असेल तर कावीळ आहे एवढंच कळतं, कुठली ते नाही. त्यासाठी ए आणि ई दोन्हींची आयजीएम तपासणी लागते, म्हणजे नुकत्याच झालेल्या संसर्गाच्या प्रतिपिंडांची. सगळ्यांची करत बसायची गरज नाही, चारपाच जणांची आली तरी दिशा मिळते.

महिना झाला म्हणून महाप्रसाद बाद होत नाही, उलट महिनाच बघायचा असतो. ए चा विषाणू पोटात गेल्यापासून १५ ते ५० दिवसांत, सरासरी २८ दिवसांनी आजार दिसतो. ई ला साधारण २ ते १० आठवडे. पाणीपुरीला आपण उगाच बदनाम करतो. लोक कालपरवाची पाणीपुरी आठवतात, महिन्यापूर्वीची कुणाला आठवते?

पेशंट झोपाळल्यासारखा झाला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त येऊ लागलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. आणि मनाने गोळ्या नकोत, तापाच्यासुद्धा. झाडपाला तर नकोच नको.

खजिनदारीण

डॉक्टर, वॉचमनची बायको सातव्या महिन्यात आहे. तुमचं वाचल्या वाचल्या खाली गेले. ते लोक बागेच्या नळाचं पाणी तसंच पितात, आरओ वगैरे काही नाही. आमच्याकडून उकळलेलं पाणी सुरू केलंय, उद्या तिला तपासायला नेतो.

काका, तुम्ही सांगितलं तसे रकाने पाडून परत सगळ्यांकडे फिरले. यादी आता सतरावर गेली. पण एक विचित्र गोष्ट दिसली. वॉचमनचा मेहुणा सोडला तर सगळे बी आणि सी चे. ए विंगमध्ये एकही नाही आणि महाप्रसाद तर ए विंगनेच सर्वांत जास्त हाणला होता (कुपनं माझ्याकडेच होती). ए विंग आधी बांधली, तिची जमिनीखालची टाकी पुढे गेटपाशी आहे. बी आणि सी ची एकच टाकी, मागच्या बाजूला. बागेचा नळही तिच्यावरच.

आरओचं कोडंही थोडं सुटलं. सी विंगच्या भावंडांची आई म्हणाली, पितो आरओचं पण चूळ भरतो बेसिनच्या नळावर, कोथिंबीर धुतो सिंकमध्ये. आमच्याही घरी तेच आहे.

जुना हेल्थवाला

ताई, तुम्ही खात्यात असायला हव्या होत्या.

आता मागच्या टाकीपाशी जा आणि ड्रेनेजचं चेंबर तिथून किती लांब आहे ते बघा. गणपतीच्या दिवसांत ते तुंबलं होतं का, हे सफाईवाल्याला विचारा, कमिटीला नाही.

दिवसाआड पाण्याचा धोकाही लक्षात घ्या. नळाला पाणी असतं तोवर पाइपातला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि कुठे फट असेल तर शेजारचं सांडपाणी आत ओढून घेतो. पुढच्या वेळी पाणी सुटलं की पहिला लोट तोच तुमच्या टाकीत.

खजिनदारीण

विचारलं. अनंत चतुर्दशीच्या आधी ते चेंबर तुंबून मागे पाणी साचलं होतं. टाकीचं झाकण त्याच पातळीला आहे, आणि तडकलेलं.

सूक्ष्मदर्शी

मी पाण्याच्या लॅबमध्ये काम करते. घाईने निष्कर्ष काढू नका एवढंच म्हणेन. संशय रास्त आहे, पण अजून सिद्ध काही नाही.

नमुना बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका, लोक सर्रास आणतात. निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्यायची. पाण्यातलं क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते धुऊन टाकू नका. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

रिपोर्ट "पिण्यास योग्य" आला तरी हुरळून जाऊ नका. ती तपासणी कोलिफॉर्म जिवाणूंची असते, विषाणूंची नाही. शिवाय तुम्ही तपासणार आजचं पाणी, आणि लोक आजारी पडले ते महिन्यापूर्वीच्या पाण्याने. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेतून पाणी उचलायच्या ठिकाणी नाल्याचं पाणी शिरलं होतं. क्लोरीन वाढवल्यामुळे टायफॉइड वगैरे फारसे वाढले नाहीत, पण काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. ती हिपॅटायटिस ई होती, हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कित्येक वर्षांनी कळलं. आपल्याकडे २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ अनेकांना आठवत असेल.

म्हणून नळाला क्लोरीन रोज तपासा. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन ओळखायचं रसायन) थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. एरवी लिटरला ०.२ मिलिग्रॅम चालतं, पण विषाणूंचा धोका असेल तेव्हा भारतीय मानकानुसार किमान ०.५ हवं. सगळ्यांत वरच्या मजल्याच्या नळाला तपासा, टाकीपाशी नाही.

कट्टेकरी

माघार घेतो. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं तेही सांगून टाका, आमच्याकडेही अंदाजपंचेच चालतं.

जुना हेल्थवाला

चांगली पावडर असेल तर १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. पिशवी उघडी राहिलेली असेल तर दम उडालेला असतो, वास घेऊन बघा. पावडर थेट टाकीत भिरकावू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी तेवढं ओता. तासभर पंप लावायचा नाही. मग ओटी घ्या आणि कमी भरलं तर पुन्हा. पण तुमच्या टाकीत घाण शिरल्याचा संशय आहे, तेव्हा एवढ्याने भागणार नाही. ती पूर्ण उपसून घासावी लागेल आणि झाकण उंच करून बसवावं लागेल. तोवर क्लोरीन टाकलं तरी उकळणं सोडू नका. खळखळून उकळी आल्यावर काही मिनिटं तसंच राहू द्या.

खजिनदारीण

पत्र दिलं, पोच मिळाली. "उद्रेक" शब्द वाचून क्लार्कने वर बघितलं आणि आत नेऊन दिलं. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी यादी उभ्या उभ्या वाचली, टाक्यांचा प्रश्न लगेच विचारला. उद्या सकाळी त्यांची टीम येणार आहे, काही जणांचं रक्तही घेणार आहेत. वॉचमनच्या बायकोचे रिपोर्ट नॉर्मल आले.

आता नवीन कटकट. चेअरमननी आज रात्रीच टाकी साफ करायला माणसं बोलावली आहेत. म्हणे टीम येण्याआधी सगळं चकाचक दिसलं पाहिजे. करू देऊ का?

सूक्ष्मदर्शी

अजिबात नाही! नमुना जाईल हातचा.

जुना हेल्थवाला

त्यांना शांतपणे सांगा, उद्या दुपारी साफ करा, कुणाची ना नाही. आज रात्री मागच्या टाकीचा पंप बंद ठेवा, पिण्याचं पाणी ए विंगमधून भरून घ्या आणि तेही उकळा. सकाळी टीमसमोर नमुना घेतला जाईपर्यंत टाकीत काही ओतायचं नाही. झाकणाचे आणि चेंबरचे फोटो मात्र आत्ताच काढून ठेवा. दोन्ही एका फ्रेममध्ये येतील असे.