मदत हवी आहे: एमएसपी४३० लाँचपॅड निद्रावस्थेतही ८० मायक्रोॲम्पिअर प्रवाह घेतो

नमस्कार. कांदाचाळीतील तापमान दर तासाला नोंदवणारे छोटे उपकरण मी तयार करत आहे. एका सीआर२०३२ सेलवर ते वर्षभर चालावे, अशी गरज आहे. लाँचपॅड या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या विकास-बोर्डवर २० पायांची एमएसपी४३०जी२५५३ मायक्रोकंट्रोलर चिप असून कोड कंपोझर स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम नीट चालतो. चिप एलपीएम३ या निद्रावस्थेत जाते आणि व्हीएलओ या कमी वीज घेणाऱ्या अंतर्गत घड्याळावर जागीही होते. मात्र डेटाशीटनुसार २.२ व्होल्टला सुमारे ०.५ मायक्रोॲम्पिअर अपेक्षित असताना, ३ व्होल्टला थोडा जास्त धरला तरी, मला ८० दिसतात. सेल साधारण २२० मिलिॲम्पिअर-तासांचा असल्याने या हिशेबाने तो चार महिनेही टिकणार नाही.

यूएसबी काढून, एम्युलेटरकडचे (बोर्डवरील प्रोग्रामिंगच्या भागाकडचे) पाचही जंपर आणि दोन्ही एलईडींचे जंपर उपसून, सेल थेट व्हीसीसी व ग्राउंडला जोडूनच मी मोजमाप केले आहे. मायक्रोॲम्पिअर रेंजवर बोर्ड सुरूच होत नसल्याने मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये तार जोडून ठेवतो आणि चिप झोपल्यावर ती काढतो. एडीसी (व्होल्टेजचे अंकांत रूपांतर करणारा भाग) व त्याचा रेफरन्स झोपण्यापूर्वी बंद होतो, तापमान मोजणारा थर्मिस्टर काढून पाहिला आहे, तसेच पोर्ट १ आणि २ चे सर्व पाय आउटपुट करून शून्यावर ठेवले आहेत. बोर्ड बदलणे सध्या शक्य नाही.

२० पायांच्या चिपमध्ये बाहेर न काढलेले पोर्ट ३ चे पाय आत अधांतरी राहून एवढा प्रवाह खाऊ शकतात का, आणि तसे असल्यास पी३डीआयआर (पायांची दिशा) व पी३आउट (आउटपुटची पातळी) रजिस्टर नेमके कसे भरावेत?