इतक्यांना मारणारा नायक एकाच मृत्यूने का खचतो? ('पनिशर: वॉर झोन'विषयी)

वाघूरकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. माझा भाचा यंदा बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला होता, तेव्हा त्याने फार आग्रह करून मला २००८ सालचा 'पनिशर: वॉर झोन' हा इंग्रजी चित्रपट दाखवला. रक्त पाहून तोंड फिरवावे असा माझा स्वभाव नाही; रेल्वेच्या नोकरीत रुळांवर नको ते पुष्कळ पाहावे लागले आहे. त्यामुळे हिंसाचाराबद्दल माझी तक्रार नाही. माझी अडचण कथेतील एका गाठीविषयी आहे.

सुरुवातीलाच माफियांची मेजवानी चालू असताना दिवे जातात, नायक फ्रँक कॅसल (हाच तो 'पनिशर') आत शिरतो, झुंबराला स्वतःला उलटे टांगून घेतो आणि गरगर फिरत दोन्ही हातांनी गोळ्या झाडतो. जेवायला बसलेले बहुतेक लोक पानावरच संपतात. त्यानंतर भंगार काचेच्या कारखान्यात तो आणखी काही जणांना मारतो, आणि त्यांच्यातला एक जण टोळीत वेशांतर करून राहिलेला एफबीआयचा अधिकारी होता असे त्याला कळते. एवढे कळताच हा दगडासारखा माणूस ढासळतो, सगळे सोडून देण्याची भाषा करतो आणि त्या अधिकाऱ्याच्या पत्नीकडे पैसे घेऊन जातो.

ज्याचा हात डझनावारी माणसे मारताना थरथरत नाही, तो एका मृत्यूने असा का खचावा? ही पटकथेची चूक आहे, की चित्रपटाला नेमके हेच सांगायचे आहे? भाचा म्हणतो, "मामा, बाकीचे गुंड होते आणि हा चांगला होता, एवढेच." मला हे उत्तर पुरले नाही.

अक्षर-रेडियम (चोपडा)

वाघूरकाठ भाऊ, गाड्यांवर रेडियम कापून लावण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे या नायकाशी माझा जवळजवळ रोजचा संबंध येतो. त्याच्या छातीवरची लांब दातांची ती पांढरी कवटी मी बुलेटच्या टाकीवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आणि एकदा तर केळी वाहणाऱ्या ट्रकच्या फाळक्यावरही लावली आहे. लावून घेणाऱ्या बहुतेकांना ती कोणाची हे ठाऊक नसते. 'डेंजर दिसते' एवढे कारण त्यांना पुरेसे असते. मी मात्र या पात्राच्या मूळ चित्रकथा वाचल्या आहेत, म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला चित्रपटाच्या पुष्कळ मागे सापडते.

हे पात्र पहिल्यांदा आले ते फेब्रुवारी १९७४ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२९ व्या अंकात. लेखक गेरी कॉनवे, वेशाची रचना जॉन रोमिटा यांची आणि अंकातील चित्रे रॉस अँड्रू यांची. त्या अंकात तो नायक नव्हता. स्पायडर-मॅन खुनी आहे अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती आणि तो एका निरपराध माणसाला मारण्यासाठी निघाला होता. म्हणजे पहिल्या पानापासूनच हा माणूस चुकीच्या माहितीवर बंदूक रोखणारा आहे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला मरीन सैनिक, सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेला असताना गुंडांच्या एका हत्येचा साक्षीदार ठरल्यामुळे त्याची पत्नी व मुले मारली गेली, ही पूर्वकथा सर्वांना लक्षात राहते. त्याला मुळात ज्या भूमिकेत आणले गेले ती भूमिका लोक विसरले. त्यामुळे अधिकाऱ्याचा मृत्यू हा मला पटकथेतील दोष वाटत नाही. पटकथाकारांनी पात्राचे जुने दुखणे पुन्हा उघडे केले आहे.

चित्रपटातील रक्तपाताविषयी थोडे सांगतो. केवळ प्रौढ वाचकांसाठी निघालेल्या आणि गार्थ एनिस यांनी लिहिलेल्या 'पनिशर मॅक्स' या मालिकेची छाया त्यावर स्पष्ट आहे. दिग्दर्शिका लेक्सी अलेक्झांडर या स्वतः कराटे व किकबॉक्सिंगच्या स्पर्धांतून आलेल्या आहेत, त्यामुळे मारामारीत हाडाचा आवाज ऐकू येतो. हिरव्या, लाल आणि पिवळ्या रंगांनी भरलेली ती दृश्ये छापील पानासारखी दिसावीत अशीच योजलेली आहेत. काचेच्या यंत्रात चेहरा फाटलेला आणि पुढे 'जिगसॉ' म्हणवून घेणारा तो खलनायक तर सरळ चित्रकथेच्या चौकटीतून उतरला आहे.

आणखी एक. अमेरिकेतील काही पोलीस आणि सैनिक हीच कवटी गणवेशावर व गाड्यांवर लावू लागले, तेव्हा स्वतः कॉनवे यांनी त्याबद्दल उघड नापसंती व्यक्त केली. २०१९ च्या एका अंकात तर कॅसल पोलिसांच्या गाडीवरचे आपले चिन्ह फाडून टाकतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाचा घ्या असे त्यांना सुनावतो. माझ्या धंद्याला तो अंक परवडणारा नाही, ही गोष्ट वेगळी.

पांझरा (धुळे)

मी फौजदारी वकिली करतो, तेव्हा माझे उत्तर त्या रंगाचे असणार हे आधीच सांगून ठेवतो.

वाघूरकाठ भाऊ, कॅसलने कोणाला मारले याकडे नीट पाहा. तो अधिकारी नुसता 'चांगला माणूस' नव्हता. त्या संपूर्ण टोळीला कायमचे तुरुंगात पाठवू शकेल असा त्या कथेतील तो एकमेव माणूस होता. प्रत्यक्षातील इतिहास हेच सांगतो. जो पिस्टोन हा एफबीआयचा अधिकारी १९७६ पासून १९८१ पर्यंत 'डॉनी ब्रास्को' या खोट्या नावाने न्यूयॉर्कच्या माफियांमध्ये वावरला, आणि पुढे त्याने न्यायालयांत दिलेल्या साक्षींच्या बळावर शंभराहून अधिक जण दोषी ठरले. १९७० च्या रिको कायद्याने तेथे एकेका खुनाऐवजी टोळीचा संपूर्ण व्यवहारच गुन्हा म्हणून न्यायालयापुढे मांडण्याची सोय झाली. याच कायद्याच्या आधारे १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधील टोळ्यांचे अनेक म्होरके एकाच खटल्यात दोषी ठरले आणि त्यांतील बहुतेकांना प्रत्येकी शंभर वर्षांची शिक्षा झाली. ज्यांना एरवी हात लावण्याची कोणाची छाती नव्हती, ते ध्वनिफिती आणि साक्षी यांच्यामुळे आत गेले. कॅसलने एका गोळीत असा साक्षीदार संपवला. माझ्या मते तो खचतो ते यामुळे, जरी पटकथेत ते कोणी बोलून दाखवत नसले तरी.

आपल्याकडे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मोक्का कायदा आहे. लोकांना वाटते की पोलिसांनी मनात आणले की मोक्का लागतो. तसे नाही. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय गुन्ह्याची नोंदच होत नाही, आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. संघटित गुन्हेगारी चालू आहे हे दाखवण्यासाठी मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे न्यायालयापुढे गेलेली असावी लागतात. दुसरीकडे, अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब येथे पुरावा म्हणून चालतो, जो एरवी चालत नाही, आणि साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवता येते. पोलिसांच्या हाती एवढे धारदार हत्यार दिले म्हणूनच त्याच्या मुठीवर एवढे पहारे बसवले आहेत. माझे अशील या पहाऱ्यांच्या आधारे सुटतात तेव्हा गावातले लोक माझ्याकडे कसे पाहतात, हे मला ठाऊक आहे.

चित्रपटाला मात्र कायदा निकामी ठरवणे भाग आहे, नाहीतर नायकाला कामच उरणार नाही. म्हणूनच खलनायक दुसऱ्या टोळीची माहिती देऊन सरकारशी सौदा करतो आणि मोकळा सुटतो. अशी माफी देण्याची तरतूद तेथेही आहे आणि आपल्याकडेही माफीचा साक्षीदार असतो. पण टोळीचा म्होरकाच असा सुटून लगेच शहरभरातून गुंड गोळा करू लागतो, हे मला पटले नाही.

तापीखोरे (शिरपूर)

वकीलसाहेब, मनोरंजनाच्या वस्तूला आपण सगळे मिळून फारच वजन देत आहोत असे वाटते. हा चित्रपट सुमारे साडेतीन कोटी डॉलरमध्ये बनला आणि जगभरातून त्याला जेमतेम एक कोटी डॉलर मिळाले. प्रेक्षकांनीच तो उचलून धरला नाही, तर त्यातून कोण काय शिकणार? माझ्यापुरते सांगायचे तर इमारतींवरून उड्या मारत येणारा गुंड हवेत असतानाच रॉकेटने उडतो, तेव्हा मी पोट धरून हसलो. चित्रपटाला तेथे हसूच हवे होते.

सातपुडा (शहादा)

तापीखोरे दादा, हसण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तेथे मीही हसले. पण आपण शिरपूरचे आहात म्हणून विचारते: कायद्याबाहेर गेलेल्या माणसाच्या गोष्टी आपल्या भागात नव्या आहेत का? सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटला, त्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगितल्या जातात. १८८९ मध्ये जबलपूरला फाशी गेलेल्या टंट्या भिल्लाच्याही सांगितल्या जातात. सरकारदरबारी ते दरोडेखोर होते आणि आमच्या पाड्यांवर ते आपले होते.

त्यांच्या गोष्टींमध्ये नेहमी दुसरे कोणीतरी असते. कोणाच्या तरी घरची भाकरी असते, कोणी निरोप पोहोचवणारे असते, कोणी राखी बांधणारी असते. त्यामुळे चुकले तर विचारणारेही असते. कॅसलच्या तळघरात हत्यारे पुरवणारा एक सहकारी सोडला तर कोणी नाही. त्याने आजवर ज्यांना मारले त्यांच्या घरी तो कधी गेला नव्हता. या अधिकाऱ्याच्या घरी तो गेला, तेथे त्याची पत्नी आणि लहान मुलगी उभी होती, आणि तिने त्याचे पैसे घेण्यास नकार दिला. वाघूरकाठ दादा, मला वाटते तो खचतो तो कोणापुढे तरी प्रथमच उभे राहावे लागल्यामुळे. मेजवानीत मेलेल्यांच्या घरीही पत्नी आणि मुले असतीलच, पण त्यांच्या दारापर्यंत कॅमेरा जात नाही. आणि शेवटी ती बाई त्याला क्षमा करून टाकते, ते मला फार स्वस्तात उरकल्यासारखे वाटले.

पिंपळनेरकर

मी येथे फारसे लिहीत नाही, परंतु 'कोण काय शिकणार' हे वाक्य वाचून राहवले नाही. माझे गाव साक्री तालुक्यात आहे. राईनपाडा आमच्यापासून दूर नाही.

१ जुलै २०१८ रोजी रविवारच्या बाजाराच्या दिवशी तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे ठेचून मारली गेली. ती भिक्षा मागत फिरणारी माणसे होती आणि बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्याआधी मोबाईलवरून पसरलेली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. पुढे त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हत्यांबाबत निकाल दिला आणि त्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले.

यामागे कोणता चित्रपट होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण मारणाऱ्यांपैकी अनेकांना आपण टोळीपासून लेकरे वाचवत आहोत असेच त्या घटकेला वाटत असणार. 'बाकीचे गुंड होते' हे भाच्याचे वाक्य वाचून मला ती खोली आठवली. गुंड कोण हे मेजवानीतील माणसांच्या बाबतीत पटकथाकाराने आपल्याला आधीच सांगून ठेवलेले असते. बाजारात ते सांगणारा पटकथाकार नसतो. फक्त मोबाईल असतो. त्या अधिकाऱ्याच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून, संगतीवरून तो गुंडच दिसत होता, आणि कॅसलने पाहिले ते एवढेच. या एका ठिकाणी चित्रपट खरे बोलतो, मग घाबरल्यासारखा पुन्हा गोळीबाराकडे वळतो आणि शेवटी आणखी प्रेते पाडून कॅसलला शुद्ध करून घेतो. तुमची गाठ मला तेथे दिसते, वाघूरकाठ भाऊ. खचणे खरे आहे, सावरणे खोटे आहे.

तापीखोरे (शिरपूर)

पिंपळनेरकर, तुमचे म्हणणे समजले. 'कोण काय शिकणार' हे वाक्य मी मागे घेतो. रॉकेटचे दृश्य मात्र मागे घेत नाही.

वाघूरकाठ (भुसावळ)

सर्वांचे मनापासून आभार. आपले लेखन मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवले. राईनपाड्याच्या वेळी तो दहा-अकरा वर्षांचा असेल. त्याला काहीच माहीत नव्हते, म्हणून ते थांबून सविस्तर सांगावे लागले. त्यानंतर तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने कारखान्याचा तो प्रसंग पुन्हा लावला आणि दोनदा पाहिला. त्या अधिकाऱ्याला गोळी लागण्यापूर्वी त्याच्यात आणि शेजारच्या गुंडात काही फरक दिसतो का, हे तो शोधत होता. "मामा, मला तर ओळखू येत नाही," असे तो म्हणाला.

अक्षर-रेडियम भाऊ, त्याच्या गाडीवर कवटी आहे. कोणाकडून लावून घेतली ते त्याने सांगितले नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असावे. रंगाला धक्का न लावता ती काढायची असेल तर काय करावे, एवढे मात्र कळवा.

अक्षर-रेडियम (चोपडा)

हेअर ड्रायरने मंद ऊब द्या आणि कोपऱ्यापासून नखाने हळूहळू सोडवा, पाते लावू नका. डिंक राहिला तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटांनी सुती फडक्याने पुसा. गाडी जुनी असेल तर कवटीखालचा रंग बाजूच्या रंगाहून गडद निघेल; तेवढा डाग काही महिने दिसत राहील.