मदत हवी आहे: मार्चमध्ये फेअरबँक्सला मित्रमंडळी येताहेत

नमस्कार मंडळी, आम्ही अलास्कात फेअरबँक्सजवळ राहतो. मार्चच्या मध्यावर कॉलेजचे दोन मित्र बायकांना घेऊन आठवडाभर येताहेत. चौघांनीही बर्फ फक्त फोटोत पाहिलाय! तेव्हा दुपारी छान ऊन असतं, पण रात्री पारा उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो, आणि ध्रुवीय प्रकाश पाहायचा तर रात्रीच बाहेर थांबावं लागतं.

काळजी एका मैत्रिणीची. साध्या गारव्यातही तिची बोटं पांढरीफटक पडतात, मग बधिर होतात. असा त्रास असलेल्यांनी इथे काय केलंय? हातमोज्यांत ठेवायच्या गरम पुड्या पुरतात का, की दर वीस मिनिटांनी गाडीत बसवायचं? सुती मोजे आणू नका, ते घाम धरून ठेवतात, एवढं सांगून ठेवलंय. बूट मात्र भाड्याने घ्यावेत की विकत?

दुसरं, स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून जंगलात न्यायचंय. हिवाळ्याअखेर मूस (इथले अवाढव्य हरीण) थकलेले, चिडके असतात आणि दाबलेल्या बर्फाची वाट सोडत नाहीत. अंतर ठेवून मागे फिरायचं, हे नवख्यांना न घाबरवता कसं समजावता? अनुभवी लोकांनी जरूर लिहा, तिकिटं काढून झालीत.