मदत हवी आहे : माजी वकिलांविरुद्धच्या दाव्यात स्वतः अपील करण्याबाबत

माझ्या माजी वकिलांकडून आगाऊ दिलेली फी परत मिळावी म्हणून मी स्वतःच चालवलेला दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाने फेटाळला आहे. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ठरवल्यामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद आहे. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवसांची असून, निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात जाणारा काळ त्यातून वगळला जातो, इतके मला ठाऊक आहे.

खरी अडचण कागदपत्रांची आहे. थकीत फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निर्णय असूनही माझे मूळ करारपत्र आणि पावत्या अद्याप त्यांच्याकडेच आहेत (आणि फी तर पूर्ण दिलेली आहे). ही कागदपत्रे दावा चालू असताना दाखल होऊ शकली नाहीत. ती अपिलात अतिरिक्त पुरावा म्हणून, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 27 खाली, मागवता येतील का? त्यासाठीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा का? बार कौन्सिलकडे (वकिलांची नियामक संस्था) अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 खाली, म्हणजे गैरवर्तनाबद्दल, केलेल्या तक्रारीचा अपिलावर काही परिणाम होतो का? असे अपील स्वतः चालवलेल्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.