घोड्यांच्या रिंगणाला सिंथेटिक की माती? (सोलापूर)

मोहोळचा_शेतकरी: राम राम मंडळी. अकलूजच्या बाजारातून घेतलेल्या दोन घोड्या शेतावर आहेत. त्यांना फिरवायला रिंगण करायचंय. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिखल. पुण्याचा पुतण्या म्हणतो, काका, अमेरिकेतल्या रेसकोर्ससारखा सिंथेटिक ट्रॅक टाका, पाय मोडत नाहीत. मग तिथल्याच लोकांनी तो उखडून परत माती का टाकली?

वारकरी_पंढरपूर: वारीच्या रिंगणात माउलींचे अश्व बाजीराव विहिरीला उघड्या रानात धावतात की! कशाला ही थेरं?

नालबंद_बाळे: माउली, ते वर्षातून एकदा, चार फेऱ्या. रोजच्या मेहनतीला जमीन बघावीच लागते.

काका, पुतण्या अर्धा बरोबर आहे. सिंथेटिक म्हणजे मेण चोळलेली वाळू, त्यात धागे आणि रबराचा चुरा. कॅलिफोर्नियाने 2006 मध्ये मोठ्या रेसकोर्सना तो सक्तीचा केला. तिथल्या सांता अनिता रेसकोर्सला पाण्याचा निचराच होईना, पावसाळी दिवसांच्या रेसेस रद्द झाल्या, 2010 अखेर माती परत आली. केंटकीच्या कीनलँड रेसकोर्सने 2014 ला आणि कॅलिफोर्नियातल्याच डेल मारने 2015 ला तेच केलं. डेल मारचे ट्रेनर तर म्हणायचे, सकाळचा ट्रॅक वेगळा, दुपारचा वेगळा. मेणच ते, उन्हाने बदलणारच! आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, विचार करा.

पण घोड्यांच्या जिवाचा हिशेब उलटा आहे. 2023 मध्ये अमेरिकेत रेसमध्ये उतरलेल्या दर हजार घोड्यांमागे मातीवर 1.43 घोडे दगावले, सिंथेटिकवर 0.97. तरी माती आली, कारण तिथली मानाची रेस केंटकी डर्बी मातीवर, मालकांचा पैसा मातीवर पळणाऱ्या वंशाच्या घोड्यांत, आणि पैज लावणाऱ्यांचे अंदाज सिंथेटिकवर चुकायचे. माझ्या मते घोड्याला कुणी विचारलंच नाही. (आपल्या पुण्या-मुंबईत रेस गवतावर, म्हणून हे भांडण इथे पोचलं नाही.)

तुम्ही रेस लावणार नाही. काळी माती काढा, मुरूम दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्या, वर धुतलेली वाळू दोन-तीन इंच. जास्त नको, खोल वाळूत पायाच्या शिरा ताणतात. फिरवण्याआधी पाणी मारा, नंतर दाताळं ओढा.

मोहोळचा_शेतकरी: वाळूचा भाव ऐकलाय का? क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालेल?

नालबंद_बाळे: चालेल, पण धुतलेलीच घ्या. नुसती कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, टाकली तर पाणी पडून सिमेंटसारखी बसते. आणि ट्रक रिकामा करण्याआधी मूठभर हातात घेऊन बघा, टोकदार खडे असतील तर परत पाठवा.