रविवारची क्रिकेट टोळी पूरग्रस्त सोसायटीत राबायला निघालीय: काय न्यावं, काय टाळावं?

रविवारची_पहिली_बॅट:
मंडळी, आमचा बारा-चौदा जणांचा टेनिस बॉलचा ग्रुप आहे. खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा पुण्यातल्या मुठेकाठच्या एका सोसायटीत तळमजला आणि पार्किंग बुडालं. आमचे दोन्ही ओपनर तिथलेच. आता पाणी ओसरलंय. या शनिवार-रविवारी मॅच नाही, सगळे तिकडेच. सोबत काय न्यायचं, सुरुवात कुठून करायची? पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर किती? आणि नंतर मदतीसाठी एक दिवसाची स्पर्धा घ्यायचं चाललंय, ती कशी बसवावी? बिस्किटं आणि जुने कपडे सुचवू नका, त्यांचा तिथे ढीग लागलाय.

गाळ_आणि_घमेलं:
आधी फोटो, मग फावडं. पंचनाम्याला आणि विम्याला घर साफ झाल्यावर दाखवायला काही उरत नाही. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या, प्रत्येक खोलीचे वेगळे. बाद सामानाची यादी घरमालकाकडूनच लिहून घ्या आणि त्याला विचारल्याशिवाय काहीही फेकू नका. तुम्हाला लगदा दिसतो, त्यात घराची कागदपत्रं असतात.

दुसरी गोष्ट वीज. ‘मेन बंद आहे’ हे वॉचमनचं वाक्य पुरेसं नाही. घरातला इन्व्हर्टर मेन बंद असतानाही बोर्डात वीज सोडतो, त्याची बॅटरी सोडवून ठेवायला लावा. मीटर पाण्यात होते तर महावितरणला १९१२ वर कळवा. घरातली वायरिंग परवानाधारक वायरमनने मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही. फ्रिज-वॉशिंग मशीन बाहेरून कोरडं दिसलं तरी मोटारीत पाणी असतं.

आता गाळ. बारा जणांना बारा फावडी नकोत. चौघं फावड्यावर, सहा जण घमेल्यांच्या साखळीत, दोघं वायपर-खराट्यावर. दर अर्ध्या तासाने जागा बदला. घमेलं अर्धंच भरा. ओल्या गाळाचं काठोकाठ घमेलं वीस किलोच्या आसपास जातं आणि दुपारपर्यंत निम्मी टीम रिटायर्ड हर्ट होते. काम आतल्या खोलीकडून दाराकडे, भिंत वरून खाली. गाळ ओला असतानाच उपसा. सुकला की फरशीच्या सांध्यांत सिमेंटसारखा बसतो. सुकलाच असेल तर पाणी मारून अर्धा तास थांबा, मग खरवडा.

ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गाळ लोटायचा मोह सगळ्यांना होतो. लोटलात की पुढच्याच सरीला तेच पाणी घरात परत. डंपर लागेल अशा जागी रस्त्याकडेला ढीग करा, पण सीमाभिंतीला टेकवून अजिबात नको. पुराने पाया भिजलेली भिंत ओल्या गाळाचा दाब सोसत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या आंबिल ओढ्याच्या पुरात भिंत कोसळून माणसं गेली, हे पुण्यात तरी सांगावं लागू नये.

तळघर असेल तर पेट्रोल-डिझेलचा पंप वर उघड्यावर, फक्त पाइप खाली. पंप आत चालवला तर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस आवाज न करता पडतो.

गमबूट आणि जाड रबरी हातमोजे बोहरी आळीत मिळतील. क्रिकेटचे शूज नेऊ नका, तळ आरपार जाणारे खिळे असतात त्या गाळात. धनुर्वाताचं इंजेक्शन बऱ्याच वर्षांत घेतलं नसेल तर घ्या. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये, त्याला यादी लिहायला बसवा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नाही.

टाकीवाला:
ब्लीचिंगबद्दल. गाळावर पांढरी पावडर फेकण्यात काही अर्थ नाही. घाणीतच क्लोरीन संपून जातं. आधी गाळ, मग साबणाचं पाणी, मग ब्लीचिंग.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. गोणी उघडी राहिली की ते उडत जातं. वास मंद झालेली, गोळे झालेली पावडर घेऊ नका. फरशी-भिंतींसाठी लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर त्याच्याजवळसुद्धा आणू नका, मिसळलं की विषारी वायू होतो.

जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरायचं नाही. झाकणं काही तास उघडी ठेवा, कमरेला दोर बांधा, वर दोन माणसं ठेवा. खरं तर हे काम ठेकेदाराकडूनच करून घ्या. त्याच्याकडे सक्शन पंप आणि हवा मारायचा ब्लोअर असतो. टाकी घासून रिकामी झाली की भरा आणि हजार लिटरला १५० ग्रॅम पावडर टाका. पावडर आधी बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरचं पाणीच ओता. तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवून सगळे नळ वास येईपर्यंत सोडा. २४ तासांनी सगळं काढून टाका. हे पाणी प्यायचं नाही, भांड्यांनाही नाही. नव्याने भरलेल्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे ४-५ ग्रॅम पुरतात. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपवर (पाण्यातलं क्लोरीन मोजायचा संच) लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवं. कमी दिसलं तर आणखी थोडी घाला.

किकमारू:
पार्किंगमधल्या दुचाक्या ‘बघू चालू होतेय का’ म्हणून सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमावाले म्हणतात हे नुकसान पुराचं नाही, तुम्ही केलेलं. ढकलून बाहेर काढा, बॅटरीची वायर काढा, बाकी मेकॅनिक बघेल. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय हे नक्की.

स्कोअरबुक_पेठ:
स्पर्धा घ्या, पण पुढच्या आठवड्यात नको. सोसायटीतली मुलंसुद्धा खेळायला येऊ शकतील तेव्हा घ्या. ज्यांच्यासाठी पैसे गोळा करताय तेच घर धूत असताना शेजारी डीजे लावणं बरं दिसत नाही.

नॉकआऊट ठेवू नका, फी भरून पाच षटकांत घरी जायला कोणालाच आवडत नाही. सहा संघ, तीन-तीनचे दोन गट, गटातले पहिले फायनलला. एकूण सात सामने, प्रत्येक संघाला किमान दोन. पाच षटकांचा डाव वीस मिनिटांचा, सामना पाऊण तासाचा. सकाळी सातला सुरू केलं तर चहासकट दीडपर्यंत उरकतं. ओल्या मैदानावर टेनिस बॉल पाणी पिऊन जड होतो, म्हणून डावाला एक नवा बॉल धरा आणि सहा जास्तीचे. एकूण वीस.

मैदान, बॉल, चहा हा खर्च ग्रुपने आधीच उचला, म्हणजे फीचा रुपया न् रुपया मदतीला जातो. करंडक वगैरे काही नको. पैसे कोणाच्या खासगी यूपीआयवर घेऊ नका, थेट सोसायटीच्या खात्यात जाऊ द्या आणि कशासाठी ते आधी ठरवा: पंपाची मोटार, मीटररूमचा बोर्ड, जे कमिटी लेखी देईल ते. ओळखीबाहेरच्या लोकांकडून वर्गणी मागणार असाल तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात चौकशी करा.

रविवारची_पहिली_बॅट:
हे जबरदस्त आहे. मैदान सोसायटीमागचंच ठरतंय, पण त्यावरही गाळ बसलाय. रोलर फिरवला तर चालेल?

स्कोअरबुक_पेठ:
ओल्यावर रोलर नको, वरचा थर दाबून बसेल आणि पाणी मुरणारच नाही. थराला भेगा पडून पोपडे सुटायला लागले की फावड्याने उचला. मग दहा जण एका ओळीत, हातभर अंतरावर, काचा-खिळे वेचत चाला; तेच पुन्हा आडव्या दिशेने. बावीस यार्डांवर दोन इंच मुरूम पसरा, पाणी मारा, हाताला चिकटेनासा झाला की रोलर. अनवाणी कोणी खेळायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

टाकीवाला:
आणि खेळाडूंना प्यायला जार मागवा. त्या मैदानाकडेच्या नळाला सोसायटीच्याच टाकीचं पाणी येत असणार.