मदत हवी आहे: चिकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) करावं की नंतर?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याजवळ राहतो. चिकू आमचा पॉमेरेनियन कुत्रा, चार वर्षांचा. वजन जरा जास्तच आहे, कारण सासूबाईंच्या ताटातला मासा अर्धा त्याचा असतो. बरेच दिवस तो चालता चालता मागचा डावा पाय उचलायचा, दोन-चार पावलं तीन पायांवर टाकायचा, मग पाय ताणून पुन्हा पळायचा. आता तो पाय टेकतच नाही. एक्स-रे काढला. गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकली आहे, चारपैकी ग्रेड ३. उजवीकडे ग्रेड २, त्याचं नंतर बघू म्हणाले. मांडीच्या हाडातली खाच खोल करायची आणि वाटीखालची शीर नडगीला जिथे चिकटते तो हाडाचा तुकडा सरकवून पिनने बसवायचा, असं ठरलंय.

ऑपरेशन करायचंच आहे, त्यावर वाद नको. प्रश्न आहे घराचा. नंतर ६ ते ८ आठवडे उडी नाही, जिना नाही, सोफा नाही. आत्ता केलं तर चवथ बरोबर चौथ्या आठवड्यात येते. तेव्हा त्याला बरं वाटायला लागलेलं असणार, हाड मात्र पुरतं जुळलेलं नसणार. आणि घरात पाच दिवस पाहुणे, पोरं, फटाके, घुमट-आरत्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्या सोयीने करा. त्या वाक्याने माझी काही सोय झाली नाही.

घरभर गुळगुळीत लाद्या, बाहेर चिऱ्यांवर शेवाळ. अशात शी-शूला कुठे न्यायचं? कुणी पावसाळ्यात हे निभावलंय का? हो, रक्तात प्लेटलेट कमी आल्या, गोचीडतापाच्या गोळ्या कालच सुरू केल्यात.

प्रतिसाद (डिचोलीहून):

ताई, शेवटचं वाक्य सर्वांत आधी लिहायला हवं होतं. प्लेटलेट कमी असताना कापाकापी केली तर रक्त थांबायला त्रास होतो. गोचीडतापाच्या गोळ्यांचा, म्हणजे डॉक्सीसायक्लिनचा, कोर्स सहसा चार आठवड्यांचा असतो. रक्त पुन्हा तपासून, आकडा वर आला की मगच तारीख, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. म्हणजे चवथ आपोआप आधी उरकते. विसर्जनानंतर लगेच केलंत तर नरकासुराच्या रात्रीपर्यंत (नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत) सात आठवडे मिळतात. त्या रात्रीच्या आवाजाला घाबरून आमची कुत्री कपाटावर चढू बघते, म्हणून सांगतोय.

तोवर मासा बंद करा. सासूबाई रागावतील, रागावू देत. गुडघ्यावर एकेक ग्रॅमचा भार पडतो. क्रेटची (पिंजऱ्याची) सवय आत्ताच लावा, जेवण आतच द्या. लाद्यांवर रबरी मॅट घाला. पंज्यांच्या गादीमधले केस कापा, पॉमेरेनियन त्या केसांवरूनच घसरतो. शी-शूसाठी पडवीत ट्रेमध्ये माती ठेवा. नेताना पट्टा बांधून, पोटाखालून टॉवेलचा झोळा धरून. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो गळ्यातला कोन रात्रीही काढू नका. दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात नको, कुत्र्याला ती विषारी ठरू शकते. दोनेक आठवड्यांत पाय टेकायला लागायला हवा. नाही टेकला तर वाट बघत बसू नका, दाखवा.

मूळ धागाकर्ती:

आभार! डॉक्टरांना आजच फोन करते. वापरलेला क्रेट कुणाकडे आहे का? आत उभं राहून वळता येईल एवढा पुरे. फोंडा-पणजी कुठूनही येऊन नेईन.